एका हाताचा साप

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवलेले नसतात, तेवढ्यात चांदे गावाच्या हवेत तो वास येतो. पिकलेल्या इंद्रायणी भाताचा. सकाळी गॅलरीचं दार उघडलं की आधी तोच आत शिरतो, मग थंडी, मग समोरच्या बांधकामावरची धूळ. मी चहाचा कप घेऊन उभी राहते. खाली आक्कांची भाताची तीन खाचरं पिवळी झालेली असतात, त्यांच्या पलीकडे शेजारच्या शांताकाकूंची, आणि त्याच्याही मागे उंचच उंच इमारती, डोक्यावर क्रेन घेऊन उभ्या. त्या इमारतींच्या फाटकावर नाव-गाव विचारल्याशिवाय माणसाला आत सोडत नाहीत. हा वास मात्र बाराव्या मजल्यापर्यंत खुशाल जात असणार.

मी परभणीची. आमच्याकडे कापूस, ज्वारी, तूर. भात म्हणजे पाहुणा आला तर किंवा कुणी आजारी पडलं तर. भाताला पिकताना वास येतो हे मला तिशी उलटल्यावर, हिंजवडीच्या नोकरीसाठी जवळच्या चांद्यात खोली भाड्याने घेतल्यावर कळलं. आता इतकी वर्षं झाली, तरी कार्तिकात हा वास आला की मी एकटीच हसते. कारण असाच एक कार्तिक होता, ज्यात मी 'हो' म्हणायला शिकले.

हे जरा नीट सांगायला हवं. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्याने राबून केलेल्या गोष्टीत चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. स्वभावाला साजेसं काम मिळायला नशीब लागतं, ते माझं होतं. आई अजून सांगते, की मुलगा बघायला म्हणून त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा मी पहिलं वाक्य बोलले ते असं, "तुमच्या सोफ्याचा मागचा पाय हलतोय." मुलगा चांगला होता म्हणे. सोफा अजून हलत असेल.

ऑफिसात मला घाबरत. हे मला बरेच दिवस माहीतच नव्हतं, मला वाटायचं लोक कामात असतात. मी कॉफी घ्यायला गेले की कॉफीच्या यंत्रापाशी उभी असलेली मंडळी एकदम कामात असायची. शेवटी मॅनेजरने बोलावलं आणि फार सांभाळून सांगितलं, "तुझे मुद्दे बरोबरच असतात. पण लोक तुला काही दाखवायलाच येत नाहीत. शेवटपर्यंत लपवतात." आणि त्याने माझं नाव एका वर्गात घालून टाकलं. दर आठवड्याला एक दुपार. वर्ग कसला, तर काहीही न ठरवता उभं राहायचं, समोरच्याने जे म्हटलं त्यावरून तिथल्या तिथे विनोदी प्रसंग उभा करायचा. याला इम्प्रॉव्ह म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे याला वेळ वाया घालवणं म्हणतात.

शिकवायला ईशा नावाची मुलगी यायची, पुण्याहून, स्कूटरवर. केस माझ्या भावापेक्षा बारीक कापलेले. ती म्हणाली, "एकच नियम. समोरचा जे देईल त्याला हो म्हणायचं, आणि त्यात आपलं काहीतरी घालायचं. हो, आणि. बस्स." मग तिने हिशेब खात्यातल्या एका धिप्पाड गृहस्थांना माझ्यापुढे उभं केलं. त्यांनी गुडघे टेकले, हातातला स्टीलचा डबा माझ्यापुढे धरला आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, माझ्या मांजराला वाचवा!"

मी डब्यात बघितलं. म्हटलं, "हा रिकामा आहे. आणि डबा माझा आहे. यात माझी गवार होती."

सगळा वर्ग लोळला, पण ईशा हसली नाही. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ताई, त्यांनी तुम्हाला मांजर दिलं होतं. तुम्ही ते मारलंत." घरी येईपर्यंत मला त्या मांजराचं वाईट वाटत होतं, आता बोला.

ईशाने गृहपाठ दिला होता, घरच्या कुणाबरोबर तरी रोज थोडा खेळ करायचा. माझं घरचं कोण? खोलीत मी आणि पाल. खाली ओट्यावर आक्का.

आक्का म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. जमीन बरीचशी विकलेली, त्यावर ही खोल्यांची इमारत उठलेली, आणि उरलेली तीन खाचरं आक्कांनी कुणाला हात लावू दिलेली नाहीत. त्यांचा मुलगा कंपनीची गाडी चालवतो, आणि सून, सवितावहिनी, पिरंगुटला एका कारखान्यात पॅकिंगला जातात. दोघांच्या वेळा अशा, की घरात एकमेकांना दिसले तर सण. तेव्हा शेतात घरचं माणूस म्हणजे एकट्या आक्का. आणि इथे कापणी चालते सावडीवर. सावड म्हणजे आज तुझ्या शेतात सगळ्यांनी राबायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, माणसाला माणूस. ज्या घरातून माणूस येत नाही, त्या घरच्या कापणीला कुणी जात नाही. यात रागलोभ नसतो, तशी रीतच आहे.

आक्का या सावडीच्या म्होरक्या होत्या. ओळीत पहिली पात त्यांची. पात म्हणजे प्रत्येकीने कापत न्यायचा पट्टा. कापताना टोमणे, नकला, कुणाच्या सासूचं, कुणाच्या जावयाचं, हे सगळं आक्कांच्या तोंडून सुरू व्हायचं आणि ओळीच्या शेवटापर्यंत जायचं, असं सवितावहिनी सांगायच्या. मग आक्कांचे कान गेले. हळूहळू गेले, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. कानातलं मशीन आणलं होतं, पण शेतात वाऱ्यावर ते शिट्ट्या मारायचं, म्हणून ते मिश्रीच्या डबीशेजारी कायमचं विसावलं. आणि त्या आधीच्या वर्षी ऐन कापणीत त्यांच्या पातीत घोणस निघाली. सगळ्या ओरडल्या, शांताकाकूंनी तर किंचाळून गाव गोळा केला. आक्का आपल्या खाली मान घालून विळा चालवत पुढे पुढे जात राहिल्या. घोणस आपणच निघून गेली म्हणून निभावलं. पण बायांनी धसका घेतला. त्या संध्याकाळी शांताकाकू घरी येऊन सवितावहिनींना सांगून गेल्या, "आक्कास्नी आता घरीच बसू द्या. आमच्या जिवाला घोर नको."

तेव्हापासून आक्का ओट्यावर. कुणी काही म्हटलं की "व्हय, व्हय." पाणी देऊ का? व्हय. ऊन फार आहे? व्हय. तुम्हाला बरं नाही का? व्हय. ऐकू आलं नाही हे कळू नये म्हणून प्रत्येकाला आधीच कबुली देऊन टाकायची. मी खोलीत येता-जाता हे रोज बघायचे आणि काही वाटायचं नाही. त्या वर्गातून आले त्या दिवशी मात्र जिन्यावर थांबलेच. माझ्याकडे 'हो' नव्हतं. आक्कांकडे 'आणि' नव्हतं. एका छपराखाली आम्ही दोघी अर्ध्या-अर्ध्या राहत होतो.

आता शब्दांचा खेळ त्यांच्याशी कसा खेळायचा? पण ईशाने आरशाचा खेळही शिकवला होता. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने हात हलवायचा, दुसऱ्याने आरशातल्यासारखं तेच करायचं. मी आक्कांसमोर मांडी घालून बसले आणि उजवा हात वर केला. आक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग घराकडे बघितलं, सवितावहिनी आहेत का म्हणून.

"काय झालं गं पोरी? भूत लागलं का काय?"

मी हात तसाच ठेवला. बराच वेळ गेला. मग आक्कांचा हात वर आला. मी गाल फुगवले, त्यांनी फुगवले. मी नाक खाजवलं, त्यांनी नथीसकट खाजवलं. आणि मग काय झालं माहीत नाही, मीच त्यांच्या मागे जायला लागले. आक्का उठल्या, पदर खोचला, एक हात कानाला लावला, दुसरा हवेत नाचवत ओट्यावर इकडून तिकडे चालू लागल्या. मध्येच थांबायचं, कपाळावर हात मारायचा, हवेतल्या कुणालातरी बोट दाखवून दम द्यायचा, पुन्हा चालायचं. मी हुबेहूब त्यांच्यामागून चालत होते. दुसऱ्या फेरीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या माझीच नक्कल करत होत्या! गॅलरीत फोनवर मीटिंग चालते तेव्हा मी अशी दिसते. आक्का वर्षभर खालून बघत होत्या. ऐकू एक अक्षर येत नसताना मी कुणाचा तरी जीव खाते आहे एवढं त्यांना पक्कं कळलं होतं.

मी ओट्यावर बसून हसले. आक्का हसल्या, दात नसलेल्या बाजूने. सवितावहिनी कामावरून आल्या तेव्हा आम्ही दोघी मिळून दूधवाल्याची नक्कल करत होतो. त्या दारातच थांबल्या आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "ताई, वर्साने हसल्या ओ." मग चहा टाकता टाकता म्हणाल्या, "भात पिकलंय. सावडीत आमच्यातनं कुणी न्हाई गेलं तर आमचं कापायला कोण येणार? मला सुट्टी न्हाई. कापणी लांबली तर दाणा झडून जातो. आन आक्का रोज बांधावर जाऊन नुसत्या उभ्या राहतात. ते बघवत न्हाई." मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांनी मी ऐकलं, "हो. आणि मी जाते त्यांच्याबरोबर."

शांताकाकूंच्या खाचरातच पहिली सावड होती. धुकं अजून जमिनीला धरून होतं, दवाने पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. बाया विळे घेऊन बांधावर उभ्या होत्या. 

"म्याडम, इळा धरता येतो व्हय?" शांताकाकूंनी विचारलं.

"ज्वारी कापलीय."

"ज्वारी न्हाई ही." मग आक्कांकडे हनुवटी करून त्या म्हणाल्या, "आल्यात तर असू द्या. पर ह्यांची जबाबदारी तुमची."

आक्कांना बरोबर मध्ये घेतलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शांताकाकू. माझ्या कापण्याबद्दल न बोललेलं बरं. माझ्या पातीत उरलेली धसकटं बघून एकीने विचारलं, की ही कापणी आहे की केस कापायची दुकानदारी. ओळ पुढे सरकत होती, मी मागे. आणि तेवढ्यात शांताकाकूंनी जावयाचं काढलं. दिवाळीला आलाय, जायचं नाव घेत नाही, दिवसभर फोन बघत चिवडा खातो. ओळ हसली. आक्का विळा चालवत होत्या. "व्हय, व्हय," म्हणाल्या, कुणी काही विचारलं नव्हतं तरी.

मला त्या मांजराची आठवण झाली. मी आक्कांना कोपराने ढोसलं. त्यांनी वर बघितलं. मी पोट पुढे काढलं, एका हातात फोन धरला, दुसऱ्या हाताने चिवड्याचा मूठभर बोकणा भरला आणि बोटाने शांताकाकूंकडे दाखवलं. आक्कांना लागलीच कळलं. त्यांनी विळा कमरेला खोवला, ताठ उभ्या राहिल्या, नजर हातातल्या फोनवर खिळवली, आणि न बघता ताट पुढे करत करत, सासूला वाढ म्हणत म्हणत, थेट बांधावर बांधलेल्या म्हशीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हैस त्यांच्याकडे बघते, या फोनकडे बघतात, ताट पुढेच.

शांताकाकू खाली बसल्या. बसून हसल्या. ओळीच्या दोन्ही टोकांकडून बाया ओरडायला लागल्या, काय केलं, काय केलं आक्कांनी, परत करा! त्यानंतर माझी गरजच संपली. जिला काही बोलायचं ती आधी शेजारणीला कोपर मारायची, मग हाताने, तोंडाने करून दाखवायची, ते कोपराकोपराने आक्कांपर्यंत यायचं, आणि आक्का त्यात आपलं घालून पुढे पाठवायच्या. ईशाच्या वर्गात असाच टाळीचा खेळ होता. गोल उभं राहून टाळी एकाने दुसऱ्याला द्यायची, पण देण्याआधी त्याच्या डोळ्यांत बघायचं, तो घ्यायला तयार आहे का ते. तिथे आमची टाळी सारखी खाली पडायची. इथे पडत नव्हती.

ऊन वर आलं. मी कंबर धरून उभी होते, आणि आक्का अचानक थांबल्या.

विळा हवेत. नजर समोरच्या धाटांच्या बुडाशी. मग त्यांचा उजवा हात सावकाश वर आला, बोटं जुळली, फण्यासारखी वाकली. साप.

त्यानंतर काय झालं ते सांगायला मला लाज वाटत नाही. जबाबदारी माझी होती आणि सगळ्यांत आधी बांधावर मी होते. एक चप्पल चिखलात राहिली. बाया पदर सावरत, एकमेकींना ओढत माझ्या मागून आल्या. कुणी ओरडलं नाही. आक्का एकट्या खाचरात, हात तसाच वर. त्यांनी धाटांकडे निरखून बघितलं. मग वळल्या, शांतपणे बांधावर आल्या, किटलीशेजारी बसल्या आणि झाकण काढलं.

"च्या निवतुया," आक्का म्हणाल्या. "प्या की."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग शांताकाकूंचा आवाज फुटला, "आगं म्हातारे!" आणि तो बांध हसायला लागला. मी हसता हसता रडले, हे सांगून टाकते. ज्या सापाने त्यांना घरी बसवलं होतं, तोच त्या हातात धरून घेऊन आल्या होत्या, चहा वेळेवर मिळावा म्हणून.

हसणं ओसरल्यावर शांताकाकू आक्कांच्या समोर येऊन बसल्या, तोंड नीट दिसेल अशा. सावकाश म्हणाल्या, "मागल्या साली लई घाबरली हुती मी. हाका मारून मारून घसा सुकला. तुमी वळंना."

आक्का त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. "व्हय," म्हणाल्या. मला वाटलं झालं, संपलं नेहमीसारखं. पण त्या थांबल्या नव्हत्या. "आन म्हून मला घरी बसवली. घसा कशाला सुकवती? हात हाय की तुला. हात कर."

 शांताकाकूंनी कपात चहा ओतला आणि तो पहिला आक्कांना दिला. मग आक्कांनीच नियम घालून दिला. दोन्ही हात वर केले तर खरं जनावर, पळायचं. एक हात केला तर, "माझं खोटं हाय, या इकडं." शांताकाकूंनी कप ठेवून विचारलं, "उद्या तुमच्यात घ्यायचं न्हवं?" आणि दुसऱ्या दिवशी सगळी सावड आमच्या खाचरांत होती. आमच्या म्हणजे आक्कांच्या. बघा, एका दिवसात जमीनसुद्धा बळकावली मी.

ईशाचा वर्ग संपून बरेच दिवस झाले. चुका मी अजूनही काढते, तो तर पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण आता म्हणते, "हो, हे छान चाललंय, आणि इथे दाबलं की सगळं बंद पडतंय, ये, बघूया." लोक अर्धवट केलेलं काम घेऊन माझ्याकडे येतात, कॉफीसुद्धा आणतात. मॅनेजर म्हणाला, तू बदललीस. मी म्हटलं, हो, आणि तुझ्या खुर्चीचं चाक ढिलं झालंय. नवीन येणाऱ्यांना शिकवायचं कामही आता माझ्याकडे असतं. पहिल्या दिवशी मी त्यांना संगणक उघडू देत नाही. समोरासमोर बसवते आणि आरसा करायला लावते. कुणाचं इंग्रजी अडखळतं, कुणाला हिंदी जमत नाही, कुणी नुसतंच मान हलवून हो हो म्हणत असतं. त्या हो हो म्हणणाऱ्याकडे माझं जास्त लक्ष असतं. त्याच्याकडे काहीतरी असतं, फक्त कुणी कोपर मारलेलं नसतं.

यंदा शांताकाकूंनी एक खाचर विकलं. पुढच्या वर्षी तिथे काय उभं राहील ते सांगायला नको. सावडीतल्या बायाही कमी झाल्यात, गुडघे दुखतात, मुली कामाला जातात. हे सगळं मला दिसतं, चुका काढणारीच आहे मी. पण आज सकाळी गॅलरीत वास आला आणि मी खाली बघितलं. आक्का ओट्यावर मिश्री लावत बसल्या होत्या. धुक्यातून पलीकडच्या बांधावर शांताकाकू दिसल्या. पूर्वी त्या तिथून हाक मारायच्या, अख्ख्या चांद्याला ऐकू जाईल अशी. आता मारत नाहीत. त्यांनी एक हात वर केला, बोटं जुळवली आणि वाकवली.

आक्कांनी चूळ भरली. वळचणीचा विळा काढला. एक हात वर करून पलीकडे दाखवला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि तोच हात माझ्याकडे केला.

आज कामाचा दिवस आहे. आत लॅपटॉप उघडा आहे, थोड्याच वेळात मीटिंग सुरू होईल, आणि मला कापणी येत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी कप कठड्यावर ठेवला आणि हात वर केला. ऑफिसला काय सांगायचं ते बांधावर सुचेल.